वीज गेल्यानंतर डेटाबेस उघडत नाही: दूध संस्थेच्या नोंदी वाचवण्यासाठी मदत हवी

संकलन_कक्ष
१७ जुलै, रात्री १०.२०

राधानगरी तालुक्यातील आमच्या गावच्या दूध संस्थेचा संगणक मी सांभाळतो. संस्थेचे ४१२ सभासद असून सकाळ-संध्याकाळच्या संकलनाची प्रत्येक नोंद, म्हणजे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक), दर आणि रक्कम, संगणकात होते व सभासदाला जागेवरच छापील पावती मिळते. आज संध्याकाळी संकलन ऐन भरात असताना वीज गेली. यूपीएसने एरवी वीस मिनिटे तग धरली असती, पण त्याची बॅटरी पावसाळ्याआधीच कमकुवत झाली होती आणि संगणक क्षणात बंद पडला. उरलेल्या ३० सभासदांचे दूध आम्ही जनरेटर लावून घेतले आणि त्यांच्या नोंदी वहीत हाताने लिहिल्या.

वीज आल्यावर संगणक व्यवस्थित सुरू झाला, परंतु डेटाबेस चालवणाऱ्या मायएसक्यूएल या सॉफ्टवेअरची सेवा सुरू होऊन लगेच बंद पडते. आवृत्ती ५.७ आहे, विंडोज १० आहे आणि सर्व तक्ते इनोडीबी प्रकारचे आहेत, म्हणजे मायएसक्यूएलमधील इनोडीबी हा भाग ते डिस्कवर साठवतो. त्रुटींच्या नोंदवहीत डिस्कवरील एका पानाची, म्हणजे साठवणुकीच्या एका ठरावीक तुकड्याची, विदा (डेटा) बिघडली आहे अशा अर्थाची ओळ येते आणि त्यानंतर सर्व्हर स्वतःच थांबतो. मी तीन वेळा सुरू करून पाहिले, तिन्ही वेळा हेच झाले.

बॅकअपबद्दल आधीच सांगतो. सॉफ्टवेअरमधील बॅकअपचे बटण मी दररोज रात्री दाबतो आणि ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश दररोज येतो. आज पेन ड्राइव्ह उघडून पाहिला, तर मे महिन्यापासूनच्या सर्व फाइली शून्य केबीच्या आहेत. वापरण्याजोगी शेवटची फाइल ३० एप्रिलची आहे. २१ तारखेला ११ ते २० या दहा दिवसांचे बिल वाटायचे आहे. पशुखाद्याची उधारी आणि उचल यांची कपातही याच डेटाबेसमध्ये आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस फोनवर म्हणाला की, डेटा फोल्डरमधील आयबी लॉगफाइल नावाच्या दोन फाइली काढून टाका, म्हणजे सर्व्हर सुरू होईल. मी अजून काहीही काढलेले नाही. हे करावे का?

पानोपानी
१७ जुलै, रात्री १०.३८

कृपया त्या दोन फाइलींना हात लावू नका. सेवा आपोआप सुरू होणार नाही अशी मांडणी आधी करून ठेवा, कारण प्रत्येक वेळी सुरू होताना सर्व्हर डिस्कवर काही ना काही लिहिण्याचा प्रयत्न करतो आणि आज आपल्याला त्या डिस्कवर एक अक्षरही नवे लिहायचे नाही.

त्या फाइली म्हणजे रीडू लॉग. इनोडीबी कोणताही बदल प्रथम या लॉगमध्ये लिहिते आणि मूळ पानावर तो बदल नंतर, सवडीने उतरवते. त्यामुळे वीज जाण्याच्या क्षणी असे कितीतरी बदल असतात की जे लॉगमध्ये आहेत पण पानांवर अजून पोहोचलेले नाहीत. लॉग काढून टाकला तर सर्व्हर कदाचित सुरू होईलही, मात्र ते बदल कायमचे जातील, एका तक्त्यातील पाने एकमेकांशी जुळेनाशी होतील आणि अमुक पान ‘भविष्यातील’ आहे अशी तक्रार सर्व्हर करत राहील. सर्व्हर सुरू होणे आणि नोंदी वाचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आज रात्री फक्त एक काम करा. संपूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवा. केवळ तुमच्या डेटाबेसच्या नावाचे फोल्डर नव्हे, तर त्याच्या बाहेरची आयबीडेटा१ ही फाइल आणि दोन्ही लॉगफाइलीही त्यात हव्यात, कारण तक्त्यांची अंतर्गत सूची आणि अर्धवट व्यवहार मागे घेण्यासाठी लागणारा अनडू लॉग आयबीडेटा१ मध्ये असतो. ही प्रत झाली की तिची आणखी एक प्रत करा. पहिली कपाटात ठेवा आणि तिला पुन्हा उघडू नका. पुढचे सर्व प्रयत्न दुसऱ्या प्रतीवर आणि दुसऱ्या संगणकावर करायचे आहेत.

प्रत करताना एखाद्या फाइलवर गाडी अडकली तर मात्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. ते डिस्कच बिघडल्याचे लक्षण असेल आणि मग लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून डीडीरेस्क्यूने डिस्कची हुबेहूब प्रत काढावी लागेल.

पतपेढी_नोंदी
१७ जुलै, रात्री ११.०५

पानोपानी यांच्या म्हणण्याला अनुभवाचा दुजोरा देतो. काही वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेच्या कामावर होतो, तेथे अशाच प्रसंगी घाईने लॉगफाइली काढून टाकल्या गेल्या. सर्व्हर सुरू झाला, सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुसऱ्या दिवशीपासून व्यवहारही सुरू झाले. तीन आठवड्यांनी ताळा घेताना काही ठेवीदारांच्या खात्यांची शिल्लक आणि त्यांच्या व्यवहारांची बेरीज जुळेना. तोपर्यंत जुन्या अवस्थेवर तीन आठवड्यांचे नवे व्यवहार चढले होते, त्यामुळे मागे जाण्याचा मार्गच उरला नव्हता. मूळ अवस्थेची एक प्रत ठेवली असती तर ते दोन महिन्यांचे हिशेब तपासण्याचे काम टळले असते. आपण फोनवरच्या सूचनेवर लगेच अंमल केला नाही, हे फार चांगले झाले.

एक विचारतो. बायनरी लॉग, म्हणजे डेटाबेसमधील प्रत्येक बदल क्रमाने टिपणारी वेगळी नोंद, सुरू आहे का? तो असेल तर ३० एप्रिलच्या फाइलवर त्यानंतरचे सर्व व्यवहार क्रमाने पुन्हा चालवता येतील आणि बिघडलेल्या पानाशी झगडण्याची गरजच पडणार नाही.

संकलन_कक्ष
१८ जुलै, सकाळी १०.५०

प्रत झाली, कोठेही अडकली नाही. एकूण आकार ३.४ जीबी आहे. एक प्रत संस्थेच्या तिजोरीत सचिवांच्या ताब्यात दिली आहे. सकाळचे संकलन वहीवर केले. बायनरी लॉग बंद आहे, तो कधीच सुरू नव्हता.

पानोपानी
१८ जुलै, सकाळी ११.३०

डिस्क शाबूत आहे असे दिसते. मग मला एक प्रश्न पडतो. केवळ वीज गेल्याने इनोडीबीचे पान सहसा फाटत नाही, कारण त्यावर उपाय योजलेला असतो. तुमच्या मायएसक्यूएलच्या मांडणीच्या फाइलमध्ये, म्हणजे माय डॉट आयएनआयमध्ये, ‘डबलराइट’ आणि ‘फ्लश लॉग’ हे शब्द असलेल्या ओळी आहेत का? असल्यास जशाच्या तशा येथे लिहा.

संकलन_कक्ष
१८ जुलै, दुपारी १२.१०

दोन ओळी सापडल्या. पहिलीत ‘स्किप इनोडीबी डबलराइट’ असे आहे. दुसरीत ‘इनोडीबी फ्लश लॉग अ‍ॅट टीआरएक्स कमिट’ याची किंमत ० आहे. वर टिप्पणी आहे की, हे वेगासाठी केले आहे.

पानोपानी
१८ जुलै, दुपारी १.००

कारण सापडले. ते थोडे सविस्तर लिहितो, कारण नोंदी शोधताना याचा उपयोग होणार आहे.

इनोडीबी आपली विदा १६ केबीच्या पानांमध्ये ठेवते. डिस्क मात्र एका दमात इतके लिहीलच याची हमी देत नाही, ती ४ केबीच्या किंवा त्याहूनही लहान तुकड्यांत लिहिते. पान लिहिले जात असतानाच वीज गेली तर त्यातला काही भाग नवा आणि काही भाग जुना राहतो. खतावणीच्या पानावर वरच्या ओळी आजच्या आणि खालची बेरीज कालची असावी, तसे हे पान होते. प्रत्येक पानाच्या आरंभी एक तपासणी-बेरीज असते, शिवाय शेवटच्या बदलाचा अनुक्रमांक पानाच्या आरंभी आणि शेवटी अशा दोन्ही ठिकाणी असतो. ते जुळले नाहीत की इनोडीबी पान बिघडल्याचे जाहीर करते. तुमच्या त्रुटीचा अर्थ हाच आहे.

येथे रीडू लॉग एकटा पुरा पडत नाही, कारण त्यात साधारणपणे पूर्ण पान नसते, पानावर काय बदलायचे एवढेच असते, आणि ज्यावर बदल चढवायचा ते पानच फाटलेले आहे. म्हणून डबलराइटची व्यवस्था आहे. पाने आधी एका स्वतंत्र जागी सलग लिहायची, ती तेथे पक्की पोहोचली की मगच आपापल्या ठिकाणी लिहायची. दोन्हींपैकी कोठेही लिहिताना वीज गेली तरी एक प्रत तरी अखंड राहते. तुमच्याकडे ही व्यवस्थाच बंद केलेली होती. रोज काहीशे नोंदी करणाऱ्या संस्थेला त्या वेगाची काहीच गरज नव्हती, हे मला मनापासून खटकते.

फ्लश लॉगची किंमत ० असल्यामुळे व्यवहार पूर्ण झाला तरी लॉग त्याच क्षणी डिस्कवर जात नाही, साधारण सेकंदाला एकदा जातो आणि तेही नेमके सेकंदालाच होईल याची हमी नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कामाला लागू. दुसऱ्या संगणकावर मायएसक्यूएल ५.७ चीच, शक्यतो तीच उपआवृत्ती बसवा, त्याला तुमची दुसरी प्रत द्या आणि मांडणीच्या फाइलमध्ये ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ (बिघाड असूनही सर्व्हर सुरू करण्याची सोय) ची किंमत १ ठेवा. त्यापेक्षा जास्त ठेवू नका.

नवा_प्रशासक
१८ जुलै, दुपारी २.१५

मी या क्षेत्रात नवा आहे, म्हणून चुकत असल्यास सांगावे. फोर्स रिकव्हरी ६ पर्यंत वाढवता येते असे मी वाचले आहे. सर्व्हर नक्की सुरू व्हावा यासाठी थेट ६ च ठेवली तर वेळ वाचणार नाही का? त्यांना २१ तारखेपूर्वी काम हवे आहे.

पानोपानी
१८ जुलै, दुपारी ३.००

विचारलेत ते बरे झाले, कारण ही चूक सर्रास होते. या किमती म्हणजे औषधाची वाढती मात्रा नव्हे. प्रत्येक पायरीवर इनोडीबी आपल्या कामातला एकेक भाग सोडून देते. १ वर ती बिघडलेले पान दिसले तरी शक्यतो थांबत नाही. २ वर पार्श्वभूमीवर चालणारी साफसफाईची कामे होत नाहीत. ३ वर अर्धवट राहिलेले व्यवहार मागे घेतले जात नाहीत. येथपर्यंत विदेला सहसा नवी इजा होत नाही. ४ पासून पुढे मात्र विदेच्या फाइली कायमच्या बिघडू शकतात, हे मायएसक्यूएलच्या अधिकृत पुस्तिकेतच बजावलेले आहे. ५ वर अनडू लॉगकडे पाहिलेच जात नाही, त्यामुळे अर्धवट व्यवहार पूर्ण झाले असे मानले जाते. ६ वर रीडू लॉग लागू होत नाही, म्हणजे लॉगफाइली काढून टाकण्याचा जो परिणाम तोच जवळपास येथे होतो. १ वर काम भागत असताना ६ वर गेल्यास वाचू शकणाऱ्या नोंदी आपण स्वतःच्या हाताने घालवू.

पुनर्प्राप्तीची ही विचारसरणी सी. मोहन आणि आयबीएममधील त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ या नावाने सविस्तर मांडली. आधी काय घडले याची छाननी, मग लॉगप्रमाणे सर्व बदल पुन्हा करणे आणि शेवटी अर्धवट व्यवहार मागे घेणे, असा तिचा क्रम आहे. आज वापरात असलेल्या अनेक डेटाबेसांमध्ये तिची तत्त्वे दिसतात. ती नजरेसमोर ठेवली की फोर्स रिकव्हरीची कोणती पायरी नेमके काय सोडून देते, हे पाठ करावे लागत नाही.

संकलन_कक्ष
१८ जुलै, रात्री ९.४५

१ वर सर्व्हर सुरू झाला आणि सुरूच राहिला. आपण सांगेपर्यंत थांबायला हवे होते, पण मी मायएसक्यूएल डंप या नोंदी बाहेर काढणाऱ्या साधनाने एकेका तक्त्याची फाइल काढली. सभासद, दरपत्रक, उचल, पशुखाद्य आणि जुनी बिले हे सर्व तक्ते पूर्ण निघाले. सचिवांना फोन केला तेव्हा त्यांचा आवाज दाटून आला होता.

संकलनाचा तक्ता मात्र निघत नाही. त्यात चार वर्षांच्या सुमारे ११ लाख ८४ हजार नोंदी आहेत. डंप बराच वेळ चालतो, मग सर्व्हरशी संपर्क तुटल्याचा संदेश येतो आणि सर्व्हर बंद पडतो.

पानोपानी
१८ जुलै, रात्री १०.१०

उत्तम. आता तो तक्ता तुकड्यांनी वाचायचा. प्राथमिक किल्ली, म्हणजे प्रत्येक नोंदीची स्वतंत्र ओळख, म्हणून चढता नोंदक्रमांक आहे असे गृहीत धरतो. आधी उतरत्या क्रमाने फक्त एक नोंद मागून पाहा. सर्व्हर लगेच पडला तर बिघडलेले पान अगदी शेवटचे आहे. तसे असेल तर शेवटच्या दोन हजार क्रमांकांतच सीमा शोधा. मधला क्रमांक घ्या, त्याच्या आधीपर्यंत वाचून पाहा, जमले तर पुढच्या अर्ध्यात जा, पडला तर मागच्या अर्ध्यात या. अकरा-बारा फेऱ्यांत सीमा मिळेल. मग डंपला ‘व्हेअर’ ची अट देऊन सीमेच्या आधीचे सर्व काढून घ्या.

संकलन_कक्ष
१९ जुलै, रात्री १२.४०

उतरत्या क्रमाने एक नोंद मागताच सर्व्हर पडला. मग आपण सांगितल्याप्रमाणे अर्धे-अर्धे करत गेलो. प्रत्येक वेळी तो पडला की पुन्हा सुरू करून मिनिटभर वाट पाहावी लागत होती. ११,८४,३०१ पर्यंत सर्व नोंदी मिळतात आणि ११,८४,३०२ मागितला की सर्व्हर पडतो. सीमेच्या आधीचे सर्व काढून घेतले आहे. १७ तारखेच्या संध्याकाळच्या १११ नोंदी त्यात आल्या आहेत, त्यानंतरच्या नाहीत.

पानोपानी
१९ जुलै, सकाळी ७.१५

म्हणजे चार वर्षांतले एकच पान गेले आहे, आणि ते १७ तारखेच्या संध्याकाळचे आहे. त्या पानावर कोणत्या नोंदी होत्या हे कळण्याचा एक मार्ग अजून शिल्लक आहे. संकलनाच्या तक्त्यावर दुय्यम निर्देशांक, म्हणजे नोंदी लवकर शोधण्यासाठीची जोडसूची, कोणता आहे?

संकलन_कक्ष
१९ जुलै, सकाळी ७.४०

सभासद क्रमांक, दिनांक आणि पाळी यांचा मिळून एक निर्देशांक आहे.

पानोपानी
१९ जुलै, सकाळी ८.०५

तुमचे काम त्यानेच होईल. इनोडीबीत दुय्यम निर्देशांकाची पाने स्वतंत्र असतात आणि त्यातील प्रत्येक नोंदीत निर्देशांकाचे रकाने व त्यांच्या जोडीला प्राथमिक किल्ली साठवलेली असते. म्हणजे फाटलेल्या पानाकडे न जाताही ही माहिती मिळू शकते. फक्त नोंदक्रमांक, सभासद क्रमांक, दिनांक आणि पाळी एवढेच मागा, लिटर किंवा फॅट चुकूनही मागू नका. ‘फोर्स इंडेक्स’ लिहून तोच निर्देशांक वापरण्याची सक्ती करा आणि १७ तारखेची अट घाला. एखादा जादा रकाना मागितला तर सर्व्हरला मूळ पानावर जावेच लागेल आणि तो पुन्हा पडेल.

लिटर आणि फॅट यातून मिळणार नाही. पण कोणाचे दूध त्या पानावर होते ते कळेल.

संकलन_कक्ष
१९ जुलै, सकाळी ८.५०

मिळाले! ११,८४,३०२ ते ११,८४,४१९, म्हणजे ११८ नोंदी, प्रत्येकीचा सभासद क्रमांक समोर आहे. मी ही यादी छापून संकलन कक्षाच्या दाराशी असलेल्या फळ्यावर लावली आहे आणि संध्याकाळी दूध घालायला येताना १७ तारखेची पावती आणावी, असे ध्वनिक्षेपकावरून गावात सांगितले आहे.

पतपेढी_नोंदी
१९ जुलै, सकाळी ९.२०

पावत्या थर्मल कागदाच्या असतील. ती अक्षरे उष्णतेने आणि घामाने लवकर पुसट होतात. पावती मिळताच सभासदासमोर वहीत उतरवून घ्या, दोघांच्या सह्या घ्या आणि पावतीचे छायाचित्र काढून ठेवा. पुढे लेखापरीक्षणात ही वही मूळ पुरावा म्हणून लागेल, तेव्हा तिच्या पानांना क्रमांक घालून ठेवा.

उत्तररात्र
१९ जुलै, सकाळी ११.००

परदेशात राहतो, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर काम करतो, म्हणून आतापर्यंत केवळ वाचत होतो. ‘बॅकअप यशस्वी’ या संदेशाबद्दल लिहावेसे वाटले. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील विदेची निर्देशिका पुसली गेली, तेव्हा त्यांच्याकडेही रोजचा पीजी डंप, म्हणजे पोस्टग्रेसचा बॅकअप, चालत होता असे सर्वजण समजत होते. प्रत्यक्षात सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंपचे साधन ९.२ चे असल्याने तो डंप अपयशी होत होता, आणि अपयशाची सूचना देणाऱ्या ईमेल प्राप्तकर्त्याच्या बाजूने नाकारल्या जात होत्या. शेवटी सुमारे सहा तास आधी योगायोगाने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवरून, म्हणजे त्या क्षणीच्या डिस्कच्या प्रतीवरून, त्यांना सर्व उभे करावे लागले. हा सर्व तपशील त्यांनी स्वतःच जाहीर केला.

संकलन_कक्ष यांच्याकडे मे महिन्यात काय बदलले असावे, हे शोधायला हवे. डंपचे साधन दुसऱ्या फोल्डरमध्ये गेले असल्यास सॉफ्टवेअर रिकामी फाइल तयार करत असेल आणि आज्ञेचा परिणाम न तपासताच यशाचा संदेश दाखवत असेल.

संकलन_कक्ष
१९ जुलै, दुपारी १.३०

आपला तर्क अचूक निघाला. मेच्या पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअरवाल्यांनी मायएसक्यूएल नव्याने बसवले होते आणि फोल्डर बदलले होते. बॅकअपच्या आज्ञेत जुनाच मार्ग आहे.

संकलन_कक्ष
२० जुलै, सकाळी ११.४५

काल संध्याकाळी आणि आज सकाळी मिळून ११८ पैकी १०९ पावत्या मिळाल्या. बहुतेकांनी पावत्या दूध पुस्तकात जपून ठेवल्या होत्या. एका आजींनी देवघरातल्या डब्यातून या बिलाच्या सर्व पावत्या क्रमाने लावून आणल्या, त्यांच्याकडे ११ तारखेपासूनची एकही कमी नव्हती. ९ सभासदांच्या पावत्या खिशात भिजल्या किंवा हरवल्या.

आता ताळ्यात एक अडचण आली आहे. त्या संध्याकाळी बल्क कूलरची, म्हणजे दूध थंड ठेवण्याच्या मोठ्या टाकीची, नोंद १,०६४ लिटर आहे आणि टँकरच्या पावतीशी ती जुळते. वाचलेल्या १११ नोंदी ४५२.६ लिटरच्या आहेत, वहीतील ३० नोंदी १२१.८ लिटरच्या आणि १०९ पावत्या ४४६.१ लिटरच्या. एकूण १,०२०.५ लिटर झाले. म्हणजे ९ सभासदांचे ४३.५ लिटर असायला हवे. परंतु त्यांच्या आधीच्या तीन संध्याकाळच्या सरासरीची बेरीज ३६.४ लिटर येते. ७.१ लिटरचा फरक राहतो. समितीचे म्हणणे आहे की सरासरीने रक्कम द्यावी आणि फरक सोडून द्यावा. माझे मन मात्र तयार होत नाही, कारण हे कोणाचे तरी दूध आहे.

पानोपानी
२० जुलै, दुपारी १२.२०

सोडू नका. मी आधी म्हटले होते की फ्लश लॉगची किंमत ० आहे हे लक्षात ठेवा. वीज जाण्याच्या अगदी आधीच्या एक-दोन नोंदी लॉगमध्येही पोहोचल्या नसण्याची शक्यता आहे. तसे झाले असेल तर त्या फाटलेल्या पानावर नाहीत, निर्देशांकात नाहीत आणि म्हणून तुमच्या फळ्यावरील यादीतही नाहीत. त्या सभासदांना आपली नोंद गेली आहे हे कळण्याचा काही मार्गच नव्हता.

आणखी एक पाहा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या गुणधर्मांत धोरणांचे पान आहे. तेथे राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करण्याच्या चौकटीत खूण आहे का? असेल तर डेटाबेसने डिस्कवर पक्के लिहायला सांगितले तरी विंडोज तो आग्रह डिस्कपर्यंत पोहोचवत नाही, आणि मग एका सेकंदाऐवजी बरेच अधिक सेकंदांचे काम डिस्कच्या स्वतःच्या स्मृतीत अडकून वीज जाताच नाहीसे होऊ शकते.

पावतीवर नोंदक्रमांक छापला जात असेल तर ११,८४,४१९ च्या पुढचा क्रमांक कोणाकडे आहे का, असे विचारा.

संकलन_कक्ष
२० जुलै, दुपारी १२.४०

खूण आहे. क्रमांकही छापला जातो. संध्याकाळी प्रत्येकाला विचारतो.

पतपेढी_नोंदी
२० जुलै, दुपारी ३.१०

तोवर नव्या मांडणीबद्दल लिहितो, म्हणजे उद्या बिलाच्या गडबडीत राहून जायला नको. वाचवलेल्या डंप फाइली कोऱ्या मायएसक्यूएलमध्ये भरा. फोर्स रिकव्हरीने सुरू केलेल्या जुन्या फाइलींवरच पुढचे काम सुरू ठेवू नका. मांडणीच्या फाइलमधील डबलराइट बंद करणारी ओळ काढून टाका, फ्लश लॉग १ करा, बायनरी लॉग सुरू करा आणि ‘सिंक बिनलॉग’ १ ठेवा. ती चौकटीतील खूण काढा. यूपीएसची बॅटरी बदला आणि यूएसबीने तो संगणकाला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आल्यावर संगणक स्वतः रीतसर बंद होईल.

रात्रीचा डंप ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ या पर्यायासह घ्या, म्हणजे काम सुरू असतानाही तो एकाच क्षणाची सुसंगत अवस्था टिपेल. आणि दर बिलानंतर तो दुसऱ्या संगणकावर भरून त्या बिलाची एकूण रक्कम तेथेही तीच येते का, हे पाहा. बॅकअपची खरी तपासणी तीच आहे. ५.७ चा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आहे, त्यामुळे दिवाळीनंतर नव्या आवृत्तीवर जाण्याविषयी सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलून ठेवा.

संकलन_कक्ष
२० जुलै, रात्री ९.३०

दोन पावत्या सापडल्या, क्रमांक ११,८४,४२० आणि ११,८४,४२१.

पहिली ३.६ लिटरची आहे. दुसरी एका तरुण सभासदाकडे होती. ती अर्धवट छापलेली असल्याने चालणार नाही असे समजून त्याने ती बाजूला टाकली होती. तिच्यावर सभासद क्रमांक आहे, ४.२ लिटर आहे, फॅट ६.८ आहे, एसएनएफ ९.१ आहे आणि त्याखाली दराच्या ओळीची फक्त वरची कड उमटली आहे. छपाई तेथेच थांबली, म्हणजे वीज नेमकी तेव्हा गेली. दरपत्रकावरून त्याची रक्कम काढली आणि त्याच्यासमोर वहीत लिहून सही घेतली.

दोन्ही मिळून ७.८ लिटर झाले. ९ सभासदांच्या वाट्याला आता ३५.७ लिटर उरतात आणि त्यांची सरासरी ३६.४ आहे. ०.७ लिटरचा फरक मोजमापातला आहे, असे सचिवांनीही मान्य केले. नऊही जणांना बोलावून सरासरीचा आकडा दाखवला, त्यांनी तो मान्य केला आणि तसा ठराव समितीच्या इतिवृत्तात लिहिला आहे. कोऱ्या डेटाबेसमध्ये सर्व भरून झाले असून डंप सचिवांच्या घरच्या संगणकावर भरूनही पाहिला, ११ तारखेपासूनची बेरीज दोन्हीकडे एकच येते. उद्या सकाळी नऊपासून बिलवाटप सुरू होईल.